मालक सातासमुद्रापलीकडे

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागातला माणूस पोटासाठी बाहेर पडतो, ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईचे डबेवाले बहुतांशी आमच्याच बाजूचे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतले. गिरणीत गेलेले, बाजारात ओझी वाहायला गेलेले, असेही घरटी एखाददुसरे सापडत. या सर्वांनी गाव सोडले. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. मालक कोण हे त्यांना ठाऊक असे. त्याची पेढी कुठे, तो केव्हा येतो, पगार थकला तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे सारे माहीत असे.

आता गेल्या काही वर्षांत उलटाच प्रकार पाहायला मिळतो आहे. माणूस गावातच आहे, आणि नोकरी मात्र गावाबाहेर, नव्हे देशाबाहेर गेली आहे. आमच्या अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी मंचरच्या शेजारचे हे गाव कांद्या-बटाट्याचे म्हणूनच ओळखायचे. २०२० साली करोनाच्या साथीने घरी बसून काम करण्याची सवय साऱ्या जगाला लावली, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या कंपन्यांनी आपल्याकडच्या मुलामुलींना परस्पर काम द्यायला सुरुवात केली. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की बाप हातात बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धास्तीने खाकरत-खोकत पिकाला पाणी द्यायला निघतो. आणि त्याच वेळी माडीवर त्याची मुलगी न्यूयॉर्कची सकाळ गाठण्यासाठी संगणकापुढे बसते. एका घरात दोन रात्रपाळ्या. असो.

मी अर्थशास्त्र शिकवतो. वकील नव्हे, करसल्लागारही नव्हे. पण जुने विद्यार्थी हातात कागद घेऊन घरी येतात आणि म्हणतात, “सर, जरा वाचून बघा की.” ते कागद वाचता वाचता जे ध्यानात आले, ते आज आपल्यापुढे मांडणार आहे.

यातला पहिला विद्यार्थी मला चांगला आठवतो. शेतकऱ्याचा मुलगा, हुशार, मितभाषी. एका परदेशी कंपनीचे काम अडीच वर्षे करीत होता. दरमहा बिल पाठवायचे, आठवड्याभरात डॉलर रुपये होऊन खात्यावर जमा. घराला गिलावा झाला, बहिणीचे लग्न झाले. एका सोमवारी संध्याकाळी तो कामाला बसला, तर कंपनीच्या यंत्रणेत त्याला प्रवेशच मिळेना. तासाभराने चार ओळींचे पत्र आले: आपली गरज उरलेली नाही, आभारी आहोत. दीड महिन्याचे बिल बाकी. तो माझ्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, “सर, ह्यांना नोटीस द्यायला नको का? निदान महिन्याची तरी?”

मी करारनामा मागितला. इंग्रजीतली चौदा पाने होती. त्याने सही केली होती. वाचली होती की नाही हे मी विचारले नाही. दुसऱ्याच पानावर लिहिले होते की हा गृहस्थ कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे. नवव्या पानावर, कोणताही पक्ष केव्हाही करार संपवू शकेल. बाराव्या पानावर, तंटा झाल्यास तो परदेशातल्या एका शहरात, तिथल्या कायद्याने, लवादापुढे चालेल. दीड महिन्याच्या बिलासाठी तिकडे जाणार कोण?

याच मुलाची दुसरी अडचण त्यानंतर बाहेर आली. पहिली दोन वर्षे त्याने आयकराचे विवरणपत्रच भरले नव्हते. कारण काय, तर “पैसा परदेशचा आहे, त्याला इथं कर कसला?” हा समज मला इतक्या जणांकडून ऐकायला मिळाला आहे की त्याचा निकाल आधी लावलेला बरा.

कर लागतो. जो मनुष्य वर्षातले १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहतो, तो आयकराच्या दृष्टीने इथला रहिवासी. आणि जन्मभर इथेच राहिलेल्या रहिवाशाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते. शिवाय, काम जिथे बसून केले तिथेच पगार उपजला, असे कायदा मानतो. अवसरीच्या माडीवर बसून केलेल्या कामाचा मोबदला अवसरीतच कमावला गेला, मग तो बर्लिनहून येवो की बोस्टनहून. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला. तरी हे मूळ सूत्र बदललेले नाही.

मग तिकडेही कर आणि इकडेही कर, असे होते काय? सहसा नाही. भारताने अनेक देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार केले आहेत. अमेरिकेशी झालेला करार १९८९ चा. या करारांचा सर्वसाधारण नियम असा की नोकरीचा पगार राहत्या देशात करपात्र, आणि त्या दुसऱ्या देशात जाऊन काम केले तरच तिकडचा प्रश्न उद्भवतो. अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८ बेन नावाचा एक अर्ज भरून मागतात. तो पाहून मुले घाबरतात. वास्तविक त्यात, मी अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी नाही, एवढेच मुख्यतः लिहून द्यायचे असते.

खरी मेख पुढेच आहे. इथला मालक पगार देतानाच कर कापून भरतो. परदेशी कंपनी तसे काही करीत नाही. सगळी रक्कम हातात पडते आणि ती सगळीच आपली वाटते. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तर तो आगाऊ भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. चुकले की व्याज. आमच्या विद्यार्थ्याने मागची विवरणपत्रे भरली, कर भरला, वर व्याजही भरले. आणि हे सारे नोकरी गेलेली असताना. तेव्हा दर महिन्याला आलेल्या रकमेतला काही भाग दुसऱ्या खात्यात टाकून ठेवा, आणि त्याला हात लावू नका, असे मी हल्ली सगळ्यांना सांगतो. ऐकणारे थोडे.

आता कंत्राटदार की नोकर, या प्रश्नाकडे येऊ. कारण सारी मौज आणि सारी पंचाईत तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, महिन्याला दोन लाख, म्हणजे वर्षाला २४ लाख रुपये मिळतात. रक्कम मोठी वाटेल, पण परदेशी कामात ती अशक्यातली नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षाचे नव्या पद्धतीचे दर धरा. हे २४ लाख पगार म्हणून आले, तर त्यातून ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळून २३ लाख २५ हजारांवर कर. उपकरासह तो होतो २,९२,५०० रुपये. तेच २४ लाख स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आले असतील, तर? अभियंते, तांत्रिक सल्लागार, माहिती-तंत्रज्ञानातले व्यावसायिक यांच्यासाठी एक सवलत आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (आणि रोखीचे व्यवहार नाममात्र असतील तर ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. हिशेबाच्या वह्यांची तपासणी नाही. आगाऊ करही १५ मार्चला एकदाच. म्हणजे उत्पन्न धरले १२ लाख. दुसरे काही उत्पन्न नसेल, तर त्या वर्षीच्या दरांप्रमाणे १२ लाखांवर कर शून्य.

एकीकडे दोन लाख ब्याण्णव हजार, दुसरीकडे शून्य. हे कळल्यावर कोणाचेही मन कंत्राटाकडेच धावेल. आणि धावतेही. पुण्याकडचे काही सल्लागार तर मुलांना तेच सांगतात: “पगार कशाला मागता, बिल पाठवा!”

अर्थात व्यावसायिक म्हटल्यावर व्यावसायिकाची कामेही मागे लागतात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा ही निर्यात. तिच्यावरचा दर शून्य. पण शून्य दर म्हणजे शून्य कागद नव्हे. दरवर्षी हमीपत्र द्यायचे, विवरणे भरायची, आणि पैसा परकीय चलनातून आला याचा बँकेचा दाखला जपून ठेवायचा. कोणी आभासी चलनात मोबदला देऊ करीत असेल, तर तसला दाखला मिळत नाही आणि निर्यात निर्यात म्हणून सिद्ध करणे कठीण होते. त्या वाटेला जाऊ नये. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तोही स्वतः नोंदणी करून भरायचा.

पण हे सारे किरकोळ. मोठी किंमत वेगळीच आहे, आणि ती मला एका मुलीने दाखवून दिली. आमच्या शेजारचीच. लग्न झाले, मंचरला दिली, काम तेच चालू. बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिने कंपनीला रजेविषयी विचारले. उत्तर अगदी सौजन्याचे होते: हवे तितके दिवस घ्या, त्या दिवसांचे बिल मात्र पाठवू नका. इथल्या एखाद्या कंपनीत ती नोकर असती, तर कायद्याने तिला पहिल्या दोन बाळंतपणांना प्रत्येकी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली असती. ती मुलगी मला म्हणाली, “काका, कर वाचला म्हणून मी पेढे वाटले होते.” ती हसत होती. तिच्या आईला मात्र हसू आले नाही.

रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोटीस नाही. घरासाठी कर्ज मागायला गेले तर पगाराची चिठ्ठी नाही. मग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे दाखवा. ज्याने ती भरलीच नाहीत, त्याने काय दाखवायचे?

इथे कोणी म्हणेल, घरी बसून काम करणाऱ्याला कामगाराचे हक्क असतातच कुठे? हे मात्र खरे नाही. आणि हा भाग मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण तो आपल्याच बाजूचा आहे.

घाट ओलांडून संगमनेर-सिन्नरकडे गेले की विडी वळणाऱ्या बायका दिसतात. पाने आणि तंबाखू घरी आणायची, ओट्यावर बसून विड्या वळायच्या, आणि मोजून कारखान्यात पोचवायच्या. कारखानदार पूर्वी म्हणत, या आमच्या नोकर नव्हेतच. घरी बसतात, हवे तेव्हा काम करतात, आम्ही फक्त विडी विकत घेतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतले. कारखानदार कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य ठरवला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की घरी विडी वळणाऱ्यांनाही निधीचा कायदा लागू आहे. त्याचे कारण फार विचार करण्याजोगे आहे. विडी वळताना मालक समोर नसतो हे खरे. पण वाईट वळलेली विडी नापास करून बाजूला काढण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि त्या अधिकारातूनच त्याचा ताबा चालतो. शिंप्यांच्या बाबतीतही असाच निर्णय १९७३ साली आंध्र प्रदेशातल्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात झाला होता. तिथले शिंपी नगावर मजुरी घेत, कधी कापड घरीही नेत; तरी ते दुकानाचे कामगारच ठरले, कारण शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानदाराचा होता.

आता आमच्या मुलांचे काम पाहा. रोज ठरल्या वेळी हजेरी. काम कोणते ते वरून येते. लिहिलेली आज्ञावली दुसरा तपासतो आणि नापास झाली की परत पाठवतो. दुसऱ्या कोणाचे काम करायला मनाई. नाव कंत्राटदाराचे, आणि वागवणे नोकराचे! विडीवालीच्या ओट्यापासून ही माडी कितीशी दूर आहे?

तेव्हा कागदावर कंत्राटदार लिहिले म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. आणि हे शस्त्र दुधारी आहे, हेही लक्षात घ्यावे. जी कसोटी कामगार म्हणून हक्क मागताना उपयोगी पडेल, तीच आयकर अधिकाऱ्यालाही लावता येते. तोही विचारू शकेल: वर्षभर एकाच कंपनीचे काम, ठरावीक मासिक रक्कम, ठरावीक तास, याला व्यवसाय म्हणायचे की पगार? कर खात्यापुढे स्वतंत्र आणि कामगार न्यायालयापुढे नोकर, अशी दोन सोंगे एकाच वेळी वठवता येत नाहीत.

पण विडीवालीच्या आणि आमच्या मुलीच्या स्थितीत एक मोठा फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. विडीचा कारखानदार सिन्नरला होता. त्याची वखार होती, माल होता, हुकूम बजावायला दार होते. परदेशी कंपनीची इथे जागा नाही, मालमत्ता नाही. न्याय मिळाला तरी तो वसूल कोणाकडून करायचा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि विडी कामगारांचा तो जुना कायदाही त्यांतच सामावला. पण त्या संहितांचा हातही समुद्र ओलांडून जात नाही. आणि परदेशी कंपन्या इथे नोकर नेमायला का कचरतात, त्याचेही कारण आहे. इथे त्यांचे कायम ठाणे आहे असे ठरले, तर त्यांच्या नफ्यावर इथे कर बसू शकतो. कंत्राटदार ठेवला की ती भीती कमी. म्हणजे कर वाचवण्याची युक्ती आपणच करतो असे नाही.

अशी कोंडी पूर्वी एकदा महाराष्ट्राने फोडली होती. माथाडी कामगाराचे मालक रोज बदलायचे, म्हणून त्याला मालकच नाही असे म्हटले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकांनी मंडळात भरायची, आणि मंडळाने कामगाराला पगार, निधी, रजा द्यायची. मालक अनेक असोत, हिशेब एका जागी. परदेशी काम करणाऱ्यांसाठी असे सरकारी मंडळ नाही. त्याचे एक खाजगी रूप मात्र निघाले आहे. भारतात नोंदलेली एखादी मध्यस्थ कंपनी कागदोपत्री मालक होते. ती पगाराची चिठ्ठी देते, कर कापते, निधी भरते, आणि काम मात्र परदेशी कंपनी सांगते. मध्यस्थाचे शुल्क जाते, करही पगारदाराचा लागतो. हातात कमी पडते. पण तंटा झाला तर समोर इथलाच मालक असतो, इथलाच कायदा असतो. ज्यांच्या घरी म्हातारे आईबाप आहेत, लहान मूल यायचे आहे, त्यांना मी हीच वाट सुचवतो. आणि एकट्या, सडाफटिंग मुलाने चार वर्षे कंत्राट करून गाठ बांधली तर त्यालाही नावे ठेवत नाही. त्याने आपला विमा, आपली म्हातारपणाची तरतूद आणि निदान सहा महिन्यांचा खर्च स्वतः बाजूला टाकावा, एवढेच.

आणखी एका कलमाविषयी मुले हटकून विचारतात: काम सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या तत्सम कंपनीत जाणार नाही, असे लिहून घेतात ते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने, नोकरी संपल्यानंतर माणसाला आपला धंदा करण्यापासून रोखणारी अट इथे निरर्थक ठरते. मात्र करार चालू असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीचा निरंजन गोलिकरी यांच्याविरुद्धचा खटला यासाठी प्रसिद्ध आहे. पाच वर्षांचा करार असताना ते मध्येच सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कराराच्या मुदतीपुरते असे बंधन वाजवी आहे. तेव्हा मुदत वाचून सही करावी. आणि मोबदल्यात परदेशी कंपनीचे समभाग मिळाले असतील, तर ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलेच पाहिजेत. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात ते न दाखवल्यास दहा लाखांचा दंड आहे. २०२४ साली वीस लाखांपर्यंतच्या स्थावरेतर मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली. पण दाखवण्याचे कर्तव्य सुटलेले नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्याने दर आठवड्याला एक, अशी सात पत्रे लिहिली. शेवटी एका महिन्याचे पैसे आले, पंधरा दिवसांचे बुडाले. चार महिने तो शेतीत बापाबरोबर राबला. नंतर दुसऱ्या एका कंपनीचे काम आले. या वेळी करारनामा सहीआधी घेऊन आला. आम्ही दोघे ओसरीवर बसलो, आणि तीन बदल लिहून पाठवले: तीस दिवसांची नोटीस, बिल पंधरा दिवसांत न दिल्यास काम थांबवण्याचा हक्क, आणि तंटा झाल्यास लवादाची बैठक पुण्यात. त्याला वाटले, आता काम गेलेच. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. पहिले दोन मान्य, तिसरे नामंजूर. “सर,” तो म्हणाला, “विचारलं तर देतात की ओ.” मग त्याने सही केली, आणि आगाऊ कराच्या तारखा आत येताना दिसतील अशा, दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवल्या. त्याची आई दिवाळीला त्या पुसते, आणि तो पुन्हा लिहितो.